मामांना वेबसाइटवरून उठवलं

सोमवार, २

साडूने आज स्वतःच्या गळ्यातला टाय काढून माझ्या गळ्याला लावून बघितला. माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकाच्या देखत! 'शोभतोय,' म्हणाला. 'राहू दे तुझ्याकडेच. पुढच्या एक तारखेपासून ये. शोरूमच्या दारात उभं राहायचं, हसायचं आणि "या" म्हणायचं.' त्याचं शोरूम नव्या खुर्च्यांचं. मी जुन्या खुर्च्या दुरुस्त करतो. त्याने विकलेली खुर्ची दोन वर्षांनी माझ्याकडे येते, आणि तरी टाय त्याच्या गळ्यात. याला म्हणतात नशीब.

खरं सांगायचं तर (इथे तरी खरं सांगू) दुकान रखडतंय. लोक हल्ली मोडकी खुर्ची गच्चीवर फेकतात आणि नवी आणतात. हिने काल विचारलं, 'पुढच्या महिन्याचं काय?' मी म्हटलं, 'बघू.' आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते बायकोला पक्कं ठाऊक आहे.

पण संध्याकाळी फोन आला. नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाईंचा. त्यांच्या सगळ्या खुर्च्या करकरतात. नाटकात नायिका मरते, सभागृह गप्प, आणि मधल्या रांगेतून कर्रर्र! लोक हसतात. परवा तर मेलेली नायिकाही हसली. आता सगळ्याच दुरुस्त करून घ्यायच्या आहेत. 'तुमची वेबसाइट बघत असते मी. या महिन्यात कळवते,' म्हणाल्या. हे काम मिळालं तर दुकान वाचलं. नाही मिळालं तर टाय.

वेबसाइट बघतात! आमची!

बुधवार, ४

आमची वेबसाइट हिने केलेली आहे, सात वर्षांपूर्वी, दुपारच्या वेळात. जांभळा रंग. वरून सरकत जाणारी पिवळी अक्षरं: 'या, बसा, खात्री करा.' आणि खाली मामांचे फोटो. फोटो, फोटो आणि फोटो.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. देह असा की दारातून आधी पोट येतं आणि मग सवडीने मामा. दुकानातली प्रत्येक दुरुस्त खुर्ची आधी त्यांच्या ताब्यात जाते. ते बसतात, कपभर चहा घेतात, दोन बिस्किटं बुडवतात, डावीकडे कलतात, उजवीकडे कलतात आणि मग एक डुलकी काढतात. तेवढ्यात खुर्चीने तोंड उघडलं नाही तर ती पास. ही लगेच फोटो काढते आणि खाली एक ओळ लिहून वेबसाइटवर टाकते. 'मामा बसले, खुर्ची गप्प.' 'हिच्यावर मामा घोरलेसुद्धा.' 'ही नापास. मामा सुखरूप.' कोणी मामांना म्हणालं की बुवा तुम्ही बसून खाता, तर म्हणतात, 'बसून खात नाही रे, खाऊन बसतो. कष्टाचं काम आहे.'

आता हे सगळं नाट्यगृहाच्या बाईंनी बघायचं? कलेच्या क्षेत्रातली माणसं ती!

हिला म्हटलं, 'जरा प्रोफेशनल करून घेऊ या का?' ही भांडी लावत होती. एक पातेलं गरजेपेक्षा जास्त जोरात ठेवलं. म्हणाली, 'लोक काय खुर्च्या बघायला येतात तिथे? मामांना बघायला येतात.' मी विषय वाढवला नाही. माणसाचा स्वतःच्या कामात जीव अडकला की त्याला पुढचं दिसत नाही.

शनिवार, ७

साडूने त्याच्या ओळखीचा डिझायनर गाठून दिला. त्याच्या ऑफिसात खुर्ची नाही. एकही नाही! सगळे मोठमोठ्या रबरी चेंडूंवर बसतात, पाठीला बरं असतं म्हणून. मी खुर्चीवाला माणूस. चेंडूवर बसलो आणि बोलता बोलता हळूहळू भिंतीपर्यंत गेलो. त्याने काही म्हटलं नाही. प्रोफेशनल माणूस.

आमची वेबसाइट उघडून तो बराच वेळ गालाला हात लावून बघत राहिला.

'हे गृहस्थ कोण?'

'मामा.'

'आणि हे?'

'तेही मामाच.'

'सगळीकडे हेच आहेत?'

'खुर्ची मोडली त्या फोटोत नुसते पाय आहेत.'

मग तो म्हणाला, 'यात मोकळी जागाच नाही.' हे मात्र खरं बोलला. मामा असले की मोकळी जागा नसतेच, आमच्या जिन्यातसुद्धा. 'यांना काढावं लागेल,' तो म्हणाला. मला एकदम चोरी करताना पकडल्यासारखं झालं, का ते कळलं नाही. मी 'हो' म्हटलं. चेंडूवर बसून 'नाही' म्हणता येत नाही, तोल जातो.

मंगळवार, १०

डिझायनर फोटो काढायला आला. मामांना वाटलं, आपलाच फोटो. सकाळीच दाढी, इस्त्रीचा सदरा, केसांना पाणी. लांब हातांच्या जुन्या आरामखुर्चीत जाऊन बसले आणि चहा मागवला. डिझायनर म्हणाला, 'काका, उठता जरा? एकच मिनिट.' मामा उठले. चष्मा खुर्चीच्या हातावरच राहिला. मी तो उचलायला गेलो तर डिझायनर ओरडला, 'राहू द्या, राहू द्या! त्यात काहीतरी आहे!'

खिडकीतून तिरपा उजेड, रिकामी खुर्ची, वर चष्मा. त्याने गुडघ्यावर बसून, आडवं पडून, स्टुलावर चढून फोटो काढले. मामा तेवढा वेळ कोपऱ्यात कपबशी धरून उभे. चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही, म्हणून मधून मधून विचारत होते, 'काढला का रे माझा?' ही माझ्याकडे बघत होती. मी पॉलिशचा डबा उगाच हलवत बसलो.

शुक्रवार, १३

वा! काय झालीय वेबसाइट! सगळं पांढरं. मधोमध आरामखुर्चीचा फोटो, काळा-पांढरा, भोवती बारीक काळी चौकट. वर चष्मा. खाली दोनच शब्द: 'आता आराम.' इतकं गंभीर, इतकं भारदस्त की बघताना माझाच आवाज खाली आला.

मामांचं मात्र मनाला लागून राहिलं होतं. म्हणून मीच डिझायनरला म्हटलं, सात वर्षं बसलाय तो माणूस, त्याचं नाव कुठेतरी हवं. तो म्हणाला, 'एक ओळ. बारीक अक्षरात.' दुपारभर डोकं खाजवून शब्द शोधले. शेवटी सुचलं: 'मामा, तुमचे उपकार कधीही विसरणार नाही.' चौकटीच्या बरोबर खाली घातलं. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला लिहिता येतं, हे मला कायम वाटायचं.

रविवार, १५

वेबसाइट सुरू झाली. हिने बघणार नाही अशी शपथ घेतलीय. दुकानातही येणार नाही म्हणते, 'फोटो काढायला आता आहे कोण?'

मामांना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. 'यात मी कुठाय?'

'तुमचा चष्मा आहे ना, मामा. आणि खाली ओळ बघा.'

त्यांनी ओळ वाचली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि खुर्चीतून उठले. उठले ते उठलेच. जेवले ओट्यापाशी उभ्याने. पेपर वाचला खिडकीत उभ्याने. ही म्हणाली, 'मामा, बसा ना.' तर म्हणाले, 'सूनबाई, बसायचं काम होतं ते सुटलं. आता बिनकामाचं कशाला बसायचं?' झोपायला मात्र पलंगावर गेले. झोपणं म्हणजे बसणं नव्हे, म्हणाले.

म्हातारपणी माणसं लहान होतात. दोन दिवसांत पाय दुखले की बसतील.

मंगळवार, १७

पैसा वसूल! सकाळपासून फोन. आणि माणसं किती हळू आवाजात बोलतात! एक जण म्हणाला, 'तुमची वेबसाइट बघितली. काय बोलावं सुचत नाही.'

मी म्हटलं, 'आभारी आहे.'

'धीर धरा.'

'धरलाय,' मी म्हटलं. धंद्यात धीर लागतोच. जाणता माणूस दिसतो.

दुपारी एक जुन्या शिक्षिका आल्या. त्यांच्या वेताच्या खुर्चीवर मामा एकदा इतके गाढ झोपले होते की खुर्ची दुसऱ्या दिवशी द्यावी लागली. त्यांनी पांढरी फुलं आणली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'बघून मला रडू आवरेना हो,' म्हणाल्या. डिझायनर म्हणालाच होता, लोकांच्या काळजाला हात घालायचा! पूर्वी आमच्याकडे कोणी फुलं घेऊन आलं होतं का? फार तर भोपळे.

वेबसाइट आणि दुकान एकसारखं दिसायला हवं, असंही डिझायनरचं म्हणणं. म्हणून ती आरामखुर्ची दुकानाच्या काचेत ठेवली आणि बाईंची फुलं तिच्यावर. रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. एकाने टोपी काढली.

शुक्रवार, २०

कौतुक खूप, काम मात्र नाही. वेबसाइटवर नवी सोय आहे, लोक निरोप लिहू शकतात. 'असा माणूस पुन्हा होणे नाही.' 'किती हसरा चेहरा!' 'तुमच्यामुळे आमचे रविवार आनंदात गेले.' मला संकोच वाटला. इतका काही मी हसरा नाही. पण लोकांना दिसतं तेच खरं.

आज दोघं जण आपल्या खुर्च्या दुरुस्तीआधीच परत घेऊन गेले. एक म्हणाला, 'आमची मोडकीच बरी. मोडकी आहे हे माहीत तरी असतं.' समोरचा शिंपी दुकान लवकर बंद करून आला. डोळे लाल. 'आजच कळलं. मला आधी सांगायचं नाही का? समोर राहून परकं केलंत.' वेबसाइटचं याला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, 'चुकलं. पुढच्या वेळी तुम्हाला आधी सांगेन.' तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत मागे मागे सरकला.

रविवार, २२

नाट्यगृहाकडून अजून काही नाही. साडू येऊन गेला. टायची गाठ कशी मारायची ते शिकवलं. मला तीन वेळा फास बसला. त्याच्या हाताखाली दारात उभं राहायचं, या कल्पनेने घास उतरत नाही. माझ्या बापाने मला पाचर मारायला शिकवलं, 'या' म्हणायला नाही.

डिझायनरला फोन केला. तो म्हणाला, काळी चौकट जरा जाड करू. मी म्हटलं, करा.

मामा अजून उभेच. आता फिरायलाही जातात, मागच्या गल्लीने. वाळलेत. विजारीला नाडी घट्ट बांधावी लागते. हिने त्यांच्यासाठी बिस्किटं आणली तर एकच घेतलं आणि तेही कोरडं.

मंगळवार, २४

सगळं एका दमात लिहितो, नाहीतर लिहिणारच नाही.

नाट्यगृहाच्या बाईंनी बोलावलं. रिकाम्या सभागृहात पुढच्या रांगेत बसलो. खुर्च्या करकरल्या. त्यांनी मला आधी पाणी दिलं. 'वाईट वाटतं, पण काम तुम्हाला देता येणार नाही.'

'का?'

'तुम्हीच सांगा. मामा तुमच्या प्रत्येक खुर्चीवर बसून बघायचे. आणि शेवटी खुर्चीनंच त्यांचा...' त्या थांबल्या. पदराने डोळे टिपले. 'माझे प्रेक्षक मी कुठल्या भरवशावर बसवू?'

'मामांचं काय झालं?'

'दर रविवारी बघायचे मी त्यांना. घोरतानाचा फोटो आईलाही पाठवला होता. त्या दिवशी उघडली तर काळी चौकट, रिकामी खुर्ची, चष्मा, आणि ती ओळ...'

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. शिक्षिका, फुलं, टोपी, शिंपी! अरे देवा, शिंप्याला मी काय बोललो!

'बाई,' मी म्हटलं, 'मामा घरी आहेत. उभे आहेत.'

'उभे?'

'ओट्यापाशी. रागावलेत.'

त्यांनी माझा हात हातात घेतला. 'होतं असं सुरुवातीला. माझे वडील गेले तेव्हा मलाही ते व्हरांड्यात उभे दिसायचे.'

'उद्या घेऊन येतो त्यांना!'

'नको नको. तुम्ही आधी झोप घ्या,' म्हणाल्या आणि मला दारापर्यंत पोचवायला माणूस दिला.

धावत घरी आलो. हिला सांगितलं. हिने शपथ मोडून वेबसाइट उघडली. आधी इतकी हसली की भिंतीला टेकली. मग हसू बंद. 'जिवंत माणसाला चौकटीत बसवलंत? तेही चौकट जाड करून?'

मामा खिडकीपाशी पाठ करून उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. वळले नाहीत. म्हणाले, 'माणूस गेल्यावर खुर्ची रिकामी दिसते रे. तू मी असतानाच दाखवलीस.'

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मी लहान असताना शाळेच्या कार्यक्रमाला मामा पहिल्या रांगेत बसायचे, मागच्यांना काही दिसायचं नाही, पण मला मामा दिसायचे. म्हटलं, 'मामा, चुकलो. पाया पडतो. बसा.' मामा म्हणाले, 'राहू दे. सवय झाली आता.' मी खाली वाकलोही, पण त्यांचे पाय सुजलेले बघून हात लावायचा धीर झाला नाही.

तेव्हा हिने युक्ती काढली. फोन घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. 'असा माणूस पुन्हा होणे नाही.'

'कोणाबद्दल?' मामांनी खिडकीकडे बघतच विचारलं.

'तुमच्याबद्दल. किती हसरा चेहरा!'

'कोण म्हणतं?'

'मामा झोपलेले बघितले की आम्हाला झोप लागायची. मामा उजवीकडे कलले की आम्ही घरी सगळे उजवीकडे कलायचो.'

मामा वळले. 'परत वाच.' मग म्हणाले, 'नको, मीच वाचतो.' चष्मा लावला, फोन घेतला आणि वाचता वाचता, कोणाला काही कळायच्या आत, मागची खुर्ची ओढून बसले!

ती खुर्ची साडूने दिलेली होती, शोरूमची, नवीकोरी. वाळले म्हणून काय झालं, मामा ते मामा. एक कर्र, एक कडकड, आणि मामा जमिनीवर.

मी किंचाळलो. मामा फोन वर धरून, पाय पसरून, खो खो हसत होते. 'नापास!' ओरडले. 'नापास! लिही गं सूनबाई!'

हिने कॅमेरा आणून फोटो काढला, काळ्या चौकटीतली खुर्ची काढून तिथेच लावला आणि खाली जुनीच ओळ लिहिली: 'ही नापास. मामा सुखरूप.'

गुरुवार, २६

फोन, फोन, फोन. लोक रडतात, हसतात, शिव्या देतात. शिंप्याने मामांना कडकडून मिठी मारली, हात पुरले नाहीत, तर म्हणाला, 'वाळलात हो!' माझ्याशी तो अजून बोलत नाही. शिक्षिका आल्या, काचेतली सुकलेली फुलं उचलून केराच्या डब्यात टाकली आणि बिस्किटांचा डबा ठेवून गेल्या. डिझायनरचा चेंडू फुटलाय. त्याला एक खुर्ची हवीय. 'मामा बसून बघतील ना आधी?' असं विचारत होता.

जांभळा रंग परत आला. पिवळी अक्षरं परत सरकतात. माझ्या मते पांढरा रंग तसा वाईट नव्हता, पण सध्या घरात माझ्या मताला विचारत नाहीत.

शनिवार, २८

काम मिळालं! बाईंची एकच अट, प्रत्येक खुर्चीवर मामा बसले पाहिजेत. आणि वजन होतं तेवढं परत आलं पाहिजे, नाहीतर खात्री कसली? हिने ती जबाबदारी घेतली.

आज नाट्यगृहातच नमुन्याची पहिली खुर्ची दुरुस्त केली, मधल्या रांगेतली. सांध्यात सरस भरला आणि वाळेपर्यंत पाय घट्ट बांधायला काही सापडेना. खिशात साडूचा टाय होता. पट्ट्यासारखा मजबूत निघाला. चार दिवस गाठ शिकलो ती वाया गेली नाही.

मग मामा बसले. चहा झाला. दोन बिस्किटं बुडाली. डावीकडे कलले, उजवीकडे कलले. मान छातीवर आली. सगळं सभागृह गप्प. बाई रंगमंचावर उभ्या, मी आणि ही बाजूला. खुर्चीतून आवाज नाही. मामांकडूनही नाही. बराच वेळ नाही.

'झोपलेत ना?' बाईंनी हळूच विचारलं.

'हो,' मी म्हटलं. हिने कॅमेरा खाली ठेवला. मी पुढे झालो, वाकलो, त्यांच्या नाकाशी बोट धरणार, इतक्यात मामा असे घोरले की शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली.